वाणाला दिलेल्या पिशव्या

योगेंद्र पेमारेबद्दल लिहा असं मला कुणी सांगितलेलं नाही. लिहिण्याची मला सवयही नाही. पनवेलच्या कोर्टात मी स्टेनो होतो. सगळी नोकरी दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेण्यात गेली. पण योगेंद्रच्या पेटंटचे इंग्रजी कागद मी त्याला मराठीत सांगत आलो, म्हणून ही हकिकत मला इतरांपेक्षा थोडी जास्त ठाऊक आहे. कुठे चुकलं तर ती माझी समजूत समजावी.

योगेंद्र आमच्या मागच्या गल्लीत राहतो, दहिवलीत. मूळ गाव कशेळ्याच्या पुढे. तिथली भातशेती भाऊ बघतो, आई अंबूबाई त्याच्याकडेच असते. योगेंद्र स्वतः चौक गावाच्या अलीकडे कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात बॉयलर चालवतो. त्या बॉयलरमध्ये कोळसा नाही, भाताचा तूस जाळतात. इकडच्या भातगिरण्यांतून टेंपोच्या टेंपो तूस तिथे जातो आणि त्याची राख कारखान्याच्या मागे ढिगाने पडून राहते. वारा सुटला की आसपासच्या घरांतली माणसं शिव्या घालतात. ही राख कशाला तरी कामी यावी, एवढंच योगेंद्रच्या डोक्यात होतं. शोधबिध लावायचा त्याचा विचार नव्हता.

कारखान्यातल्या केमिस्टने त्याला सांगितलं, की या राखेत बहुतेक सगळी सिलिका आहे, वाळूत असते तीच. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळून गाळली, मग थेंब थेंब आम्ल टाकत राहिलं, की पांढरा साका खाली बसतो. योगेंद्रची मुलगी हर्षला तेव्हा इथल्याच इंजिनियरिंग कॉलेजात होती. तिची पुस्तकं चाळून आणि तिच्या सरांना विचारून हा घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये खटपट करत बसायचा. आम्ल जितकं सावकाश टाकावं तितके कण बारीक येतात, हे त्याच्या लक्षात आलं. मालकाने राख न्यायला आनंदाने परवानगी दिली आणि त्यातून काही निघालं तर आमचा हक्क नाही, असं लिहूनही दिलं. राख कुणी उचलतंय यातच त्याला सुख होतं.

योगेंद्रची बायको सुनंदा शिवणकाम करायची. बाजारातल्या दुकानांना कापडी पिशव्या शिवून द्यायची. सातवीनंतर शाळा सुटलेली, बोलायला मात्र खणखणीत. योगेंद्र तो पांढरा साका मेणात मिसळून तिच्या पिशव्यांच्या कापडाला लावून बघायचा. पहिल्या दिवशी छान दिसायचं आणि दुसऱ्या दिवशी जुन्या भिंतीच्या चुन्यासारखं सगळं झडून जायचं. बरेच महिने असं चाललं. शेवटी एकदा सुनंदा मशीनवरून न उठताच त्याला म्हणाली, "कापडाला आदी पेजेची खळ द्या की. कोरड्या अंगाला पावडर लावली तर झडनारच ती."

तांदळाच्या पेजेची खळ दिली आणि तो थर बसला. पिशवीवर पाणी टाकलं की अळूच्या पानावरून घरंगळावं तसं खाली. तेलाचा डाग नाही, हळदीचा नाही. धुतली तरी गुण जात नव्हता. सरांनी कापडाचा तुकडा मुंबईला पाठवला. तिथल्या मोठ्या सूक्ष्मदर्शकातून फोटो यायला फार वेळ लागला. मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातल्या एकाला नॅनोमीटर म्हणतात. योगेंद्रचे कण तीस ते पन्नास नॅनोमीटरचे निघाले. फोटोत काळ्या पार्श्वभूमीवर साबुदाण्याचे दाणे सांडल्यासारखे ते दिसत होते. सुनंदाने फोटो बघितला आणि एवढ्या बारीक गोष्टीला एवढा मोठा फोटो कशाला, असं विचारलं.

तो फोटो ऑगस्टमध्ये आला आणि त्यानंतर पेटंटचा अर्ज केला. ठाण्याच्या समिधा नावाच्या वकीलबाई पेटंटचीच कामं करतात. हर्षलाच्या सरांनी त्यांचं नाव सुचवलं होतं. शोधक म्हणून दोघांची नावं घालायची, असं योगेंद्रने पहिल्याच भेटीत सांगितलं. खळीची युक्ती सुनंदाची, तेव्हा कायद्यानेही ते बरोबरच होतं. सही करताना सुनंदाने मला विचारलं, "नाना, हे छापून येतं का कुटं?" मी म्हटलं, पेटंट मिळालं की सरकारी कागदावर तुमच्या दोघांची नावं छापून येतात. ती म्हणाली, आजवर तिचं नाव लग्नपत्रिकेत छापलेलं, त्यानंतर मतदार यादीत. सांगताना हसली, पण सही मात्र फार जपून केली.

समिधाबाईंनी त्या वेळी नेहमीचे प्रश्न विचारले होते. ही वस्तू कुणाला विकली आहे का, कुठे छापून आली आहे का, प्रदर्शनात मांडली आहे का. पेटंट मागण्याआधी वस्तू जगासमोर आली, तर ती कायद्याच्या लेखी नवी राहत नाही. दोघांनी तिन्ही प्रश्नांना नाही म्हटलं आणि ते मनापासून होतं. त्याच वर्षी संक्रांतीला सुनंदाने हळदीकुंकू केलं होतं आणि दहिवलीतल्या बायकांना वाण म्हणून त्याच पिशव्या लुटल्या होत्या. पण वाण ही काही विक्री नव्हे, प्रदर्शनही नव्हे. कुणी डबी देतं, कुणी चमचा देतं, तिने पिशवी दिली. त्याचा पेटंटशी संबंध असेल हे त्या खोलीतल्या कुणाच्या मनातही आलं नाही.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलात, करोनात, सुनंदा गेली. तिला पनवेलच्या दवाखान्यात नेलं तेव्हा योगेंद्रला दारापर्यंतच जाऊ दिलं होतं. त्या दिवसांत सगळ्यांचं तसंच होतं.

त्यानंतर तो कामावर जायचा, यायचा. शेडला कुलूप लावलं. हर्षला पुण्याला नोकरीला लागली. रविवारी दुपारी तो आमच्या ओसरीवर येऊन बसायचा. मला बोलणं सुचत नाही, त्यालाही सुचायचं नाही, त्यामुळे आमचं बरं जमायचं. एकदा तो म्हणाला, "नाना, तिचा चेरा येतो समोर. आवाज येत नाय आता."

मी विचारलं, फोनमध्ये काही नाही का. नव्हतं. ती फोटोला उभी राहायची पण कुणी व्हिडिओ काढायला लागलं की पदर तोंडावर घ्यायची. तिच्या बहिणींकडे, दुकानदारांकडे त्याने विचारून झालं होतं. मुलीला आईचा आवाज आठवतो का, हे विचारायची त्याला भीती वाटत होती. तिलाही आठवत नसला तर काय, असं म्हणाला.

पेटंटचं मात्र त्याने सोडलं नाही. उलट आता त्याला त्याशिवाय दुसरं काही नको होतं. पैसे मिळतील, कंपन्या येतील असलं काही तो बोलतच नसे. सुनंदाचं नाव छापून यायला हवं, इतकंच म्हणायचा.

परीक्षकाच्या हरकती आल्या तेव्हा मी त्या वाचून दाखवल्या. सिलिका जुनीच, नुसती बारीक केली म्हणून नवी होत नाही, असा त्यांचा रोख होता. आपल्या पेटंट कायद्यात कणाचा आकार हे शब्द चक्क लिहिलेले आहेत. ओळखीच्या पदार्थाचे कण लहान केले, तरी गुणात मोठा फरक दाखवल्याशिवाय तो पदार्थ जुनाच धरायचा. शिवाय कण नक्की केवढे, हाही वाद निघाला. मुंबईच्या प्रयोगशाळेने तीस ते पन्नास सांगितले होते, दुसऱ्या एकीने दीडशे सांगितले. समिधाबाई म्हणाल्या, दोघांचंही बरोबर आहे. कण सुटे मोजले तर लहान भरतात, एकमेकांना धरून बसले की मोठे. पूर्वी माणूस यंत्र आणून टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, हा माझा शोध. इथे शोध कुणाला दिसतच नाही, पेटंट कचेरीतल्या साहेबांनाही फोटोवर विश्वास ठेवावा लागतो. कायदा अजून या गोष्टींच्या मापाचा झालेला नाही, असं त्यांचं मत होतं.

त्यात एका मोठ्या कंपनीने अर्जाला विरोध केला. अशी लेप देण्याची रसायनं ती कंपनी स्वतः बनवते. त्यांचं म्हणणं, खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या तुसाच्या राखेने भांडी घासतात, दात घासतात. हे कण त्या राखेत पहिल्यापासून असणारच, कुणी बघितले नव्हते इतकंच. हे ऐकून योगेंद्र पुष्कळ दिवसांनी हसला. म्हणाला, "आईनं जल्मभर राखेनं भांडी घासली. तिच्या हातावर पानी टाकून बगा म्हनावं, घरंगळतंय का." समिधाबाईंनी तोच मुद्दा नीट इंग्रजीत मांडला. जोडीला पिशव्या धुऊन धुऊन केलेल्या चाचण्यांचे आकडे दिले. आपली बाजू बळकट आहे, असं त्यांनी आम्हाला कळवलं. योगेंद्रने शेडचं कुलूप काढून आत झाडलोट केली.

मग कंपनीने आणखी पुरावा दाखल केला. समिधाबाईंनी तो माझ्या मेलवर पाठवला आणि आधी फोन करून म्हणाल्या, जरा जपून दाखवा. रविवार होता. योगेंद्र माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला. कागदांबरोबर एक व्हिडिओ होता. मी तो लावला.

सुनंदाच्या घरातली पुढची खोली. काळी साडी नेसलेली सुनंदा, हातात पिशवी, दुसऱ्या हातात हळदीच्या पाण्याची वाटी. भोवती बायका. कुणीतरी म्हणतं, नापास होणार गं तुझी पिशवी. सुनंदा वाटी उपडी करते आणि पिवळं पाणी पिशवीवरून सुळकन खाली जातं, एका बाईच्या पायावर. आरडाओरडा, हसणं. मग मोबाईल धरणारीचा आवाज येतो, "सुनंदा, एवढी मेहनतीची वस्तू फुकट वाटतेस, नवऱ्याला विचारलंस का?" आणि सुनंदा सरळ मोबाईलकडे बघून, पदर तोंडावर न घेता, म्हणते, "यांनीच सांगितलंय. पयल्या पिशव्या आपल्या बायांच्या हातात जाऊ दे म्हनले." तिचं हे बोलणं हसण्याच्या गोंगाटात बुडतं, ओळखीच्या कानालाच लागतं.

स्वयंपाकघरातून माझी बायको शैला हात पुसत बाहेर आली आणि दारातच थबकली. मोबाईल तिनेच धरला होता. महिला मंडळाच्या फेसबुकच्या पानावर तिने तेव्हाच तो व्हिडिओ टाकला होता आणि नंतर जुन्या फोनबरोबर ती तो विसरूनही गेली होती. योगेंद्र इतकी वर्षं आवाजासाठी विचारतोय हे तिला ठाऊक नव्हतं. गल्लीतल्या बायकांना त्याने कधी विचारलंच नव्हतं, तो संकोची, आणि मीही तिला कधी सांगितलं नव्हतं. ती खाली बसली.

"परत लावा," योगेंद्र म्हणाला.

मी परत लावला. मग पुन्हा. किती वेळा ते मी मोजलं नाही. शेवटी मला सांगावंच लागलं, की हा व्हिडिओ त्यांनी आपल्याविरुद्ध दिलेला आहे. अर्जाच्या सात महिने आधी पिशव्या लोकांच्या हातात गेल्या, व्हिडिओ जगाला दिसला, म्हणजे शोध नवा राहिला नाही. त्याने मान हलवली. कळलं होतं त्याला. "लावा परत," म्हणाला.

समिधाबाईंनी पुढच्या आठवड्यात फोनवर सगळं स्पष्ट सांगितलं. घरच्या समारंभाला बोलावलेल्या बायका म्हणजे सगळं जग नव्हे, असं त्या म्हणून बघणार होत्या, पण फेसबुकपुढे ते टिकणं अवघड. एकच वाट खरी उरत होती. शोधकाच्या संमतीशिवाय दुसऱ्या कुणी वस्तू उघड केली असेल, तर कायदा शोधकाला सांभाळून घेतो. सुनंदाने योगेंद्रला न विचारता पिशव्या वाटल्या असतील तर तसं प्रतिज्ञापत्र करता येईल. मात्र मग सुनंदा शोधक राहू शकत नाही, कारण शोधकाने स्वतः वाटल्या तर ती संमतीच झाली. तिचं नाव अर्जातून काढावं लागेल, ती मदतनीस होती असं म्हणावं लागेल. "तसं झालं असेल तरच हं," त्या दोनदा म्हणाल्या. "काय झालं ते तुम्हालाच माहीत."

योगेंद्रने वेळ मागून घेतला. व्हिडिओबरोबर कंपनीने सुनंदाच्या बोलण्याचं इंग्रजी भाषांतर जोडलं होतं. त्यात शैलाचा प्रश्न होता आणि सुनंदाच्या उत्तराच्या जागी, अस्पष्ट, हसण्याचा आवाज, एवढंच होतं. म्हणजे ते शब्द त्यांच्या कुणाला लागलेच नव्हते. हर्षला पुण्याहून आली. तिचं म्हणणं, "बाबा, आई असती तर तीच म्हणाली असती, लिहून टाका. तुमच्या एवढ्या वर्षांच्या मेहनतीचं काय?" पोरीचं काही चूक नव्हतं. सुनंदा खरंच तसं म्हणाली असती, असं शैलालाही वाटलं. योगेंद्र हो म्हणाला, आणि समिधाबाईंनी मसुदा पाठवला.

मी तो मराठीत वाचायला लागलो. माझ्या पत्नीने माझ्या माहितीशिवाय व संमतीशिवाय. तिथे त्याने मला थांबवलं.

"म्हंजे त्या फिल्लममदी ती खोटं बोलतेय, आसं मी सांगायचं."

मी म्हटलं, तिचं बोलणं कुणाला ऐकूच आलेलं नाही. कागदावर अस्पष्ट म्हणून लिहिलंय.

"मला येतंय ना ऐकू," तो म्हणाला.

मी मसुदा मिटला. आयुष्यभर मी साक्षी उतरवल्या. कोण खरं, कोण खोटं हे बघायचं माझं काम नव्हतं. त्या दुपारी मला वाटत होतं, सही कर बाबा. पेटंट मिळालं असतं. मसुदा सही न होताच समिधाबाईंकडे परत गेला.

सुनावणी हल्ली संगणकावरच होते. योगेंद्रने त्या दिवशी रजा घेतली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि माझ्या टेबलाशी येऊन बसला. पडद्यावर चार चौकोन. साहेब, कंपनीचे वकील, समिधाबाई, आणि आम्ही दोघं. समिधाबाईंनी आकाराचा, गुणांचा मुद्दा उत्तम मांडला. घरगुती समारंभाचाही मांडला. मग साहेबांनी विचारलं, व्हिडिओ खरा असल्याबद्दल अर्जदाराचा काही आक्षेप आहे का. समिधाबाई उत्तर देणार तोच योगेंद्रने शाळेत करतात तसा हात वर केला. साहेबांनी बोलायला सांगितलं.

"आवाज माज्या मिसेसचा हाय, सायेब," तो म्हणाला. "ती बोलते ते खरं हाय. मीच सांगितलं व्हतं, वाट म्हनून. आन् खळीचं डोकं तिचं व्हतं. ते पन लिवून घ्या."

साहेबांना मराठी येत होतं. त्यांनी लिहून घेतलं. कंपनीच्या वकिलांना आणखी काही बोलायचं आहे का विचारलं, त्यांना नव्हतं. समिधाबाई एवढंच म्हणाल्या, की अर्जदाराच्या निवेदनाला त्यांची हरकत नाही. 

निकाल काही महिन्यांनी आला. अर्ज नामंजूर. मी तो छापून घेतला आणि योगेंद्र आल्यावर सावकाश मराठीत सांगितला. आकाराच्या मुद्द्यावर साहेबांनी आपलं म्हणणं मान्य केलं होतं. हा लेप नुसत्या राखेपेक्षा गुणाने वेगळा आहे, हे पुराव्यावरून दिसतं, असं लिहिलं होतं. पण अर्जाच्या आधी वस्तू लोकांच्या वापरात गेली होती आणि त्यापुढे इलाज नव्हता. चौथ्या पानावर एक परिच्छेद होता. सहशोधक श्रीमती सुनंदा योगेंद्र पेमारे, ज्यांनी कापडास तांदळाच्या पेजेची खळ देण्याची पायरी सुचवली, त्यांनी मकरसंक्रांतीच्या हळदीकुंकू समारंभात पतीच्या संमतीने सदर पिशव्यांचे वाटप केले.

तो परिच्छेद त्याने पुन्हा वाचायला सांगितला. मग विचारलं, "हे ऱ्हातं का तिकडं? का काडून टाकतात?"

राहतं, मी म्हटलं. सरकारच्या वेबसाइटवर कुणीही कधीही बघू शकतं.

"आन् माजं नाव?"

पहिल्या पानावर, अर्जदार म्हणून.

त्याने कागद हातात घेतले. पहिलं पान बघितलं, मग उलटत उलटत चौथ्यावर आला. इंग्रजी त्याला नीट वाचता येत नाही, पण नाव ओळखता येतं. त्यावर त्याने बोट ठेवलं. शैलाने चहा आणून ठेवला तो निवून गेला.

"ती चालताना मागंच ऱ्हायची," तो म्हणाला. "बाजारात, जत्रंला. मी थांबायचो नाय कदी."

 मग तो उठला, कागद शर्टाच्या आत सरकवले, आणि पाळीची वेळ झाली म्हणून मोटारसायकलला किक मारून चौकच्या रस्त्याला लागला.